सुचत नाही, लिहवत नाही, लिहीत नाही



आमच्या साप्ताहिकाचा छापखाना सांभाळणाऱ्या अण्णांच्या नावानं नाशिकमध्ये चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलायला उभं राहणं मला जरा अवघड जातं आहे. मजकूर वेळेवर न देणाऱ्यांची नावं अण्णा एका फळ्यावर खडूनं लिहून ठेवत. त्या यादीत माझं नाव बरीच वर्षं पहिलं होतं. फळा छापखान्याच्या दारातच टांगलेला असे, त्यामुळे लग्नपत्रिका छापायला आलेली मंडळीही तो वाचत. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझं नाव प्रथम तिथं वाचलं. पुढं लग्न झालं, तो भाग वेगळा.

तरुण मंडळींसाठी सांगतो, तो खिळ्यांचा जमाना होता. कंपोझिटर एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावायचा, ओळी गॅलीवर यायच्या, मग पान बांधलं जायचं. बुधवारी रात्री साप्ताहिकाचं शेवटचं पान मशीनवर चढलं नाही, तर गुरुवारी पहाटेच्या एसटीनं बाहेरगावी जाणारे गठ्ठे चुकत. अशाच एका बुधवारी दुपारी चार वाजता तिसऱ्या पानावर दीड कॉलम मोकळा होता, आणि तो माझा होता. मी म्हणालो, "अण्णा, काही सुचत नाही."

अण्णा प्रूफ तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "सुचत नाही ती तुझी गोष्ट. मोकळा कॉलम ही माझी. आज कुठं कुठं गेला होतास?"

कुठंच गेलो नव्हतो.

"काल?"

काल पाऊस होता.

"म्हणजे डब्यात पीठ नाही, आणि तू तवा तापत नाही म्हणून रडतोयस." त्यांनी कोपऱ्यातली छत्री माझ्या हातात दिली आणि मला भांडीबाजाराकडे पिटाळलं.

तिथून तांबट आळीत गेलो. एक म्हातारे तांबट घंगाळाला ठोके मारत बसले होते. मी नुसता शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी हातोडी ठेवली आणि घंगाळ उचलून भट्टीत धरलं. मला वाटलं, काम झालं. ते म्हणाले, नाही, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. तसाच ठोकत राहिलं तर चिरतो. लाल तापवला की परत नरम पडतो, मग पुढचे ठोके. सातला मी छापखान्यात परत आलो, नऊला दीड कॉलम कंपोजला गेला. तांबटबाबांचं ते पत्र्याचं बोलणं मी त्या लेखात एका ओळीत उरकलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला पुढं वीस वर्षं लागली. त्याकडे नंतर येतो.

आज बोलायचं आहे ते लिहिणं अडण्याबद्दल. इंग्रजीत त्याला रायटर्स ब्लॉक म्हणतात. एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकानं, मूळचा तो ऑस्ट्रियाचा, पुढं न्यूयॉर्कला गेलेला, १९४०च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. आपल्याकडे असा एकच शब्द नाही आणि नाही तेच बरं आहे. आपण तीन वेगळी वाक्यं बोलतो. "मला सुचत नाही." "माझ्याच्यानं लिहवत नाही." "मी लिहीत नाही."

जरा व्याकरणाकडे बघा. पहिल्या वाक्यात मी कर्ता नाहीच. मला भूक लागली, मला ताप आला, मला सुचलं, ही सगळी एकाच घरातली वाक्यं. बाहेरून काहीतरी येतं आणि मला होतं. दुसऱ्या वाक्यात इच्छा आहे, बळ नाही. 'चालवत नाही', 'बघवत नाही' म्हणतो तसं. तिसऱ्यात मात्र मी उघड कर्ता आहे, न लिहिण्याची क्रिया माझीच. तिन्ही दुखणी वेगळी, त्यांचे उपाय वेगळे. आणि माझा अनुभव असा, की दुसरं किंवा तिसरं दुखणं असलेला माणूससुद्धा डॉक्टरांना पहिलंच सांगतो. सुचत नाही म्हटलं की कुणाचा दोष राहत नाही ना!

आता हौशी आणि व्यावसायिक, कारण अडणं दोघांना सारखं नसतं. हे शब्द आपल्याकडे लेखनापेक्षा रंगभूमीवर जास्त वापरात. राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच 'हौशी' आहे, आणि नाशिक केंद्राच्या फेऱ्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात बघत आपल्यातले निम्मे लोक मोठे झाले. नाटकात फरक सोपा आहे. तिकीटबारीवर पोट असेल तो व्यावसायिक, ऑफिसातून रजा काढून तालमीला येतो तो हौशी. लेखनाला ही फूटपट्टी लावली की ती लगेच मोडते. वसंत कानेटकर इथं एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. अरुण कोलटकर जाहिरातींच्या जगात कलादिग्दर्शक होते. मग हे हौशी? उलट अमरावतीचे उद्धव शेळके लेखणीवर जगले. १९६० साली त्यांनी 'धग' लिहिली. मराठीतल्या पहिल्या दहा कादंबऱ्यांची कुणी कशीही यादी केली तरी तिच्यात ती असावी, असं मी मानतो. आणि नंतर चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांनी लोकप्रिय कादंबऱ्यांचा ढीग लिहिला. समीक्षकांनी त्या ढिगाकडे पाठ फिरवली. मला विचाराल तर त्या ढिगाची लाज शेळक्यांना वाटायचं काही कारण नव्हतं. लेखकाला जगू न देणाऱ्या बाजाराला वाटली असती तर चाललं असतं.

आपला बाजार लेखकाला जे देतो त्याला 'मानधन' म्हणतो, हेही बघा. प्लंबरला आपण मानधन देत नाही, पैसे देतो. मानधन या शब्दात मान आधी येतो, आणि बऱ्याचदा तेवढाच येतो. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "मानधन देता येणार नाही, पण अंक नक्की पाठवू." अंकही आला नाही.

तेव्हा पैशांवरून ही विभागणी होत नाही. गुणवत्तेवरूनही होत नाही, वाईट व्यावसायिक आणि थोर हौशी लेखक आपण रोज वाचतो. मग कशावरून? माझं उत्तर अण्णांच्या फळ्यावर आहे. तुमच्या पानाची कुणीतरी वाट बघतं आहे का, आणि ते तुम्हाला मान्य आहे का? हौशी लेखक अडला की लिखाण थांबतं आणि जगात कुणालाच ते कळत नाही. व्यावसायिक अडला की एक मोकळा कॉलम दिसायला लागतो.

आपल्या शहरातलीच उदाहरणं घेऊ. नट नानासाहेब फाटकांच्या मनात शेक्सपिअरचा लिअर होता आणि त्यांनी शिरवाडकरांना त्याच्या भाषांतराची गळ घातली. भाषांतर बाजूला राहिलं, पण त्या मागणीतून 'नटसम्राट' उभं राहिलं. १९७० साली धि गोवा हिंदू असोसिएशननं ते रंगभूमीवर आणलं, डॉ. लागू अप्पा बेलवलकर झाले. शिरवाडकर वर्तमानपत्रांत नोकऱ्या केलेले गृहस्थ. 'प्रभात'सारख्या दैनिकांतून रोजचा मजकूर पाडण्याचा सराव त्यांच्या हाताला होता. त्याआधी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनसाठी त्यांनी 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली आणि चित्रपटात लक्ष्मणाचं कामही केलं. कवितेला मात्र त्यांनी दुसरं नाव दिलं, कुसुमाग्रज. मला नेहमी वाटत आलं आहे, की ही दोन नावं म्हणजे एका घरातली दोन टेबलं होती. एका टेबलावर कुणीतरी मागितलेलं काम, दुसऱ्यावर कुणीच न मागितलेलं. हा माझा तर्क आहे, संशोधन नव्हे. पण घरात दुसरं टेबल असलं की पहिल्यावर अडल्याचा धसका कमी होतो, एवढं मी स्वतःवरून सांगतो.

कानेटकरांचं उलट. ते आधी कादंबरीकार होते. नाटकाकडे वळले ते पुण्याच्या पीडीएसारख्या हौशी संस्थेच्या आधारानं, १९५७च्या 'वेड्याचं घर उन्हात'पासून. भालबा केळकर दिग्दर्शक. दहा वर्षांच्या आत व्यावसायिक रंगभूमी त्यांच्या संहितांवर उभी होती. एकट्या १९६६ सालात 'लेकुरे उदंड जाली' आणि 'अश्रूंची झाली फुले', दोन तोंडांची दोन नाटकं. कॉलेजातले तास चालू ठेवून! त्यांच्याकडे प्रतिभा होतीच, पण नाटकाच्या तारखा ठरलेल्या असत, नट पाठ करायला बसलेले असत, हेही विसरू नये. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं बेणारेबाईंचं स्वगत आज आपण त्या नाटकाचा प्राण मानतो. ते दिग्दर्शक अरविंद देशपांडे हटून बसले म्हणून लिहिलं गेलं. लेखकाच्या मते नाटक त्याच्याशिवाय पुरं झालेलं होतं.

माझी पायरी यांच्या शेजारी नाही, पण अडण्याचा एक प्रकार मी साईखेडकरच्या वाटेवरच शिकलो. स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक लिहायला घेतलं होतं. पहिला अंक बसला, दुसरा हलेना. तीन आठवडे रोज कोरा कागद. आमचा दिग्दर्शक महावितरणमध्ये होता, वायरी जोडणारा माणूस. त्याला तत्त्वज्ञान मान्य नव्हतं. त्यानं पहिल्याच अंकाच्या तालमी लावल्या. चौथ्या दिवशी पोस्टमनचं काम करणारा पोरगा म्हणाला, "काका, मी पत्र देतो आणि निघून जातो. मग हे सगळे मला घाबरतात कशाला?" मी घरी येऊन पहिला अंक वाचला. पोस्टमनला त्या पत्रातलं माहीत होतं! हे मला लिहिताना कळलंच नव्हतं, मी त्याला दारातून परत पाठवला होता. तिथपर्यंत सगळं उसवलं, त्याला घरात बसवून चहा पाजला, आणि दुसरा अंक आठ दिवसांत झाला. आई स्वेटर विणताना कधीतरी थांबायची आणि निम्मा भाग सरळ उसवायची. टाका सुटलेला असायचा दहा ओळी खाली, पण भोक दिसायचं वरती. लिहिणं पंचविसाव्या पानावर अडलं की मी आता सव्विसावं बघत बसत नाही, अठरावं काढतो. नाटक स्पर्धेत पडलं. तो भागही वेगळा.

अडण्यावर आणखी एक उपाय हाताच्या सवयीचा. समर्थ रामदासांनी तरुणपणी बारा वर्षं आपल्या नाशिकच्या टाकळीत घालवली. रोज काहीतरी लिहीत जावं, हा त्यांचा दंडक सगळ्यांना ठाऊक असतो. कमी वाचला जातो तो दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, लेखनक्रियेचा. त्यात अक्षर वाटोळं नि सरळ कसं काढावं, ओळी सारख्या कशा ठेवाव्यात, कडेला जागा किती सोडावी, बोरू आणि शाई कशी सिद्ध करावी, हे सगळं आहे. स्फूर्तीविषयी अवाक्षर नाही. तो समास मुख्यतः ग्रंथ उतरवून घेणाऱ्यांसाठी आहे हे मान्य, तरी लिहायला बसण्याआधी हाताला काम द्यावं ही त्यातली समज मला फार कामाची वाटते. इंग्लंडमधला अँथनी ट्रोलोप हा त्याच जातीचा. टपाल खात्यात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. एक कादंबरी बैठकीच्या मध्येच संपली तर उरलेल्या वेळात दुसरी सुरू. मरणोत्तर आलेल्या आत्मचरित्रातून हे लोकांना कळलं आणि त्याची पत घसरली. लेखक घड्याळ लावून लिहितो, हे वाचकांना सहन झालं नाही.

इथपर्यंत माझं ऐकून कुणाला वाटेल, की मी म्हणतोय मुदत द्या, छडी उगारा, सगळे लिहू लागतील. तसं असतं तर जोसेफ मिचेल अडला नसता. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचा हा पट्टीचा वार्ताहर. पगारी, नावाजलेला. १९६४ साली त्याचा शेवटचा मोठा लेख आला. त्यानंतर १९९६ साली वारेपर्यंत, तीसहून अधिक वर्षं, तो ऑफिसात येत राहिला, खोलीचं दार लावून बसत राहिला. छापायला दुसरा मोठा लेख मात्र दिला नाही. ह्याला काय मुदत देणार? ह्याच्या डब्यात पीठ होतं, तवाही होता.

हे दुसरं वाक्य. लिहवत नाही. माझ्यावर ते माझी बायको गेली त्या वर्षी आलं. अकरा वर्षं न चुकलेलं सदर होतं. वर्तमानपत्रानं, ते कुठलं हे इथं महत्त्वाचं नाही, तीन आठवडे वाट बघितली आणि चौथ्या आठवड्यात जागा दुसऱ्याला दिली. मला कळवलं नाही, मी ते छापील पानावर बघितलं. राग आला. आज वाटतं, पान त्यांचं होतं. पण त्या काळात मी जिद्दीनं रोज टेबलावर बसत होतो, आणि लिहिलेली प्रत्येक ओळ चिरत होती. तेव्हा तांबट आळीतला तो पत्रा आठवला. मी थांबलो. सहा महिने लिहिलं नाही. मात्र भट्टी विझू दिली नाही. एका शाळेतल्या मुलांची हस्तलिखितं तपासली, जुन्या मित्राच्या पुस्तकाची मुद्रितं वाचली. दुसऱ्याच्या वाक्यांत हात घातला की आपला हात हळूहळू नरम पडतो.

तिसऱ्या वाक्याबद्दल फार बोलायचं कारण नाही. लिहीत नाही म्हणणाऱ्याला तो हक्क आहे. कोलटकरांचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७चा आणि पुढचे एकदम २००३चे, पण मधल्या काळात ते लिहीत होते, फक्त छापत नव्हते. बाहेरून मौन दिसतं ते आतून मौन असेलच असं नाही.

मात्र आपण जे अडलं म्हणतो त्यात आणखी एक भेद आहे, आणि तोही क्रियापदातच आहे. अडणं वेगळं, अडवणं वेगळं. बाबुराव बागूल इथल्याच विहितगावचे. सुरतेला रेल्वेत नोकरी करताना राहायला खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. ज्याला टेबल ठेवायला खोलीच मिळू द्यायची नाही असं गावानं ठरवलं आहे, त्याला कोरा कागद बघून धसका बसतो म्हणणं ही चैन आहे.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्या १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या आणि १९३६ साली नाशिकमध्येच वारल्या. शाळा नाही. अक्षरओळख लग्नानंतर, नवऱ्याच्या तऱ्हेवाईक शिकवणीतून. रेव्हरंड टिळक नामवंत कवी. १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं. इतर कामांचे डोंगर होते, 'ज्ञानोदय'चं संपादन होतं. १९१९ साली ते वारले तेव्हा दहा-अकरा अध्याय झालेले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. वयाची पन्नाशी उलटल्यावर! पुढं मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी साहित्य जमवत होता. त्यानं आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. त्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' झाली, पहिला भाग १९३४ साली निघाला. मराठी गद्याचा तो एक डोंगर आहे, आणि तो मुलानं चरित्रासाठी मागितलेल्या टिपणांतून उभा राहिला.

आता सांगा, ह्या बाई हौशी की व्यावसायिक? लेखनावर त्यांचं पोट नव्हतं. लेखिका म्हणून मिरवायची इच्छा त्यांच्या पुस्तकात मला तरी कुठं दिसत नाही. पण नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम समोर होतं, मुलगा कागदांची वाट बघत होता, आणि त्यांनी पानं भरून दिली. अण्णांच्या फळ्यावर त्यांचं नाव कधीही आलं नसतं. माझ्या लेखी आपल्या जिल्ह्यानं दिलेली सर्वांत व्यावसायिक लेखिका तीच.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं आहे. एक विनंती करून थांबतो. ह्या सभागृहात निदान दहा-पंधरा जण असे आहेत की ज्यांनी मला गेल्या वर्षभरात कधी ना कधी "लिहितोय, पण सध्या जरा अडलंय" असं सांगितलं आहे. छापखाना मोडला तेव्हा अण्णांचा तो फळा मी घरी आणला. रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो, पत्ता संयोजकांकडे आहे. या. चांगलं उतरलेलं पान आणू नका, ते मला नंतर छापील वाचता येईल. जिथं अडलं आहे ते पान आणा, आणि त्याच्या आधीची दहा आणा. पुढची तारीख काय हे तुम्ही सांगायचं, फळ्यावर मी लिहीन. खडू घेऊन ठेवला आहे.